भावकी आणि शेजार

आटपाडीचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार माणदेशाबाहेरही ठाऊक आहे. 2020 साली इथे एका माडग्याळ मेंढ्याला 70 लाख रुपयांची मागणी आली आणि मालकाने ती नाकारली, तेव्हा ती बातमी देशभर फिरली. किमतीची चर्चा झाली, जातीच्या नावाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. माडग्याळ हे जत तालुक्यातलं गाव. आटपाडीहून दक्षिणेला उतरलं की जत लागतं, आणि जतच्या कर्नाटकाला टेकलेल्या गावांत घरात कन्नड बोलतात, शाळाही कन्नड असते. मेंढरू तिकडचं, गिऱ्हाईक इकडचं. सौदा व्हायचा तर दोघांना एकमेकांची भाषा थोडीफार यावीच लागते, आणि ती येते.

मराठी आणि कन्नड या शेजारणी. पण भाषांच्या खानेसुमारीत दोघींची घराणी पार वेगळी. मराठी इंडो-युरोपीय कुळातली, कन्नड द्राविडी. म्हणजे मराठीची भावकी हिंदी, बंगाली, फारसी, रशियन, लिथुआनियन अशी उत्तरेला दूरवर पसरलेली, आणि जिच्याशी रोज बांधाला बांध लागतो तिच्याशी रक्ताचं नातं काहीच नाही. भाषांच्या अभ्यासात भावकी आणि शेजार या दोन गोष्टी वेगवेगळ्या धराव्या लागतात. त्यांची गल्लत झाली की ‘मराठी संस्कृतातून आली की तमिळमधून’ असले वाद वर्षानुवर्षं चालतात.

जगाच्या दुसऱ्या टोकाला अशीच एक जोडी आहे. काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामध्ये कॉकेशसचे डोंगर आहेत. दहाव्या शतकातला अरब प्रवासी अल-मसूदी याने त्यांना ‘भाषांचा डोंगर’ म्हटलं होतं. डोंगराच्या उत्तरेला रशिया, दक्षिणेला जॉर्जिया. दोन्ही भाषांच्या वर्णमालेत आज 33 अक्षरं आहेत. हा निव्वळ योगायोग, कारण लिप्या अगदी निराळ्या. रशियनची सिरिलिक लिपी ग्रीक वळणाची. जॉर्जियनची लिपी तिची स्वतःची, गोल, आकडेबाज. तिच्यातले सर्वांत जुने कोरीव लेख पाचव्या शतकातले. रशियनला पोलिश, युक्रेनियन, बल्गेरियन अशा सख्ख्या बहिणी आहेत. जॉर्जियनला मात्र स्वान, मेग्रेलियन आणि लाझ एवढ्या तीनच, आणि त्या चौघींचं ‘कार्तवेली’ कूळ जगातल्या दुसऱ्या कोणत्याही कुळाशी जोडता आलेलं नाही.

मराठी वाचकाला यातली कोणती भाषा जवळची वाटावी? भावकी पाहिली तर प्रश्नच नाही. रशियन घरात नव्या नवरीची ओळख करून द्यायची झाली तर सासरा ‘स्व्योकर’, सासू ‘स्वेक्रोव’, दीर ‘देवेर’ आणि ती स्वतः ‘स्नोखा’. संस्कृतातले श्वशुर, श्वश्रू, देवर आणि स्नुषा, म्हणजे आपले सासरा, सासू, दीर आणि सून. सगळं सासर ओळखीचं निघतं! विधवा ‘व्दोवा’, भाऊ ‘ब्रात’, आग ‘ओगोन’, मध ‘म्योद’, जिवंत तो ‘झिवोय’, नवा तो ‘नोवी’, जाणणं म्हणजे ‘झ्नात’, पिणं म्हणजे ‘पीत’. हे शब्द कुणी कुणाकडून उसने घेतलेले नाहीत. काही हजार वर्षांपूर्वी एकच असलेल्या घरातून वाटणीला आलेली ही भांडी आहेत.

सांगली जिल्ह्याला रशिया तसा परकाही नाही. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे 1961 साली तिकडे जाऊन आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. त्याच सुमारास तिकडे तात्याना कातेनिना यांचं मराठी व्याकरणावरचं रशियन पुस्तक 1963 मध्ये छापलं गेलं.

जॉर्जियनमध्ये मात्र भावकीचे असे शब्द सापडत नाहीत. जे सापडतं ते फसवं. जॉर्जियन पोर ‘मामा’ अशी हाक मारतं ती बापाला. आई तिथे ‘देदा’. रोजच्या पावाला ‘पुरी’ म्हणतात. असल्या साम्यांवरून भाषांची सोयरीक जुळवणारे हौशी लोक सगळीकडे असतात, त्यांच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

पण शब्द बाजूला ठेवून वाक्याची बांधणी पाहायला लागलं की पारडं फिरतं. ‘तिबिलिसीत’ हे रशियनमध्ये ‘व तिबिलिसी’ असं होतं. ‘आत’ दाखवणारा शब्द नामाच्या आधी. जॉर्जियनमध्ये ‘त्बिलिस्शी’, म्हणजे ‘आटपाडीत’मधल्या ‘त’सारखा ‘शी’ मागून चिकटतो. ‘वर’ला ‘झे’, ‘हून’ला ‘दान’, तेही मागूनच. ‘माणसाने पाव खाल्ला’ हे वाक्य घ्या. रशियनमध्ये माणूस ‘खातो’ काय आणि ‘खाल्लं’ काय, त्याला प्रत्यय लागत नाही. जॉर्जियनमध्ये ‘कत्समा पुरी च्यामा’: ‘कत्सी’ म्हणजे माणूस, आणि क्रिया होऊन गेली की त्याला आपल्या ‘ने’सारखा ‘मा’ लागतो. चालू वर्तमानकाळात हा ‘मा’ गळून पडतो, जसा ‘माणूस खातो’मध्ये ‘ने’ नसतो. साम्य इथेच थांबतं हेही सांगायला हवं. मराठीत ‘भाकरी खाल्ली, पाव खाल्ला’ असं क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे वळतं. जॉर्जियन क्रियापद असं काही करत नाही. मुळात त्या भाषेत लिंगच नाही. ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’ तिन्हींना एकच शब्द, ‘इस’.

आणखी एक जागा खास माणदेशी कानाला आवडेल अशी. जॉर्जियनमध्ये ‘त्स्विम्स’ म्हणजे पाऊस पडतोय. ‘त्स्विम्सो’ म्हणजे पाऊस पडतोय म्हणे. वाक्याच्या शेवटी एक छोटा ‘ओ’ लावला की बोलणारा जबाबदारीतून मोकळा, बातमी ऐकीव ठरते. दुष्काळी मुलखात पावसाच्या बातमीला ‘म्हणे’ लागतं ते याच कारणाने. मोजणीचंही तसंच. जॉर्जियनमध्ये वीसला ‘ओत्सी’, तीसला ‘ओत्सदाआती’ म्हणजे ‘वीस आणि दहा’, चाळीसला ‘ओर्मोत्सी’ म्हणजे ‘दोन विसा’, पन्नासला ‘ओर्मोत्सदाआती’ म्हणजे ‘दोन विसा आणि दहा’. ‘दोन ईसा नि धा’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना किंवा मेंढरं वीस-वीसच्या खंडीने मोजणाऱ्या धनगराला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. शाळेत गेलेल्या नातवाला लागेल.

उच्चारांत तर गंमतच आहे. मराठी माणूस ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च वेगळे बोलतो, ‘जाळं’ आणि ‘जीव’ यांतले ज वेगळे बोलतो, पण लिहितो एकाच अक्षराने. रशियनमध्ये या दोन च-ना दोन अक्षरं आहेत. जॉर्जियनमध्ये च-ज च्या या घोळक्याला तब्बल सहा अक्षरं आहेत, कारण तिथे घशातून झटका देऊन काढलेले च आणखी वेगळे.

मग रशियन आपली ती फक्त शब्दांपुरती का? तसंही नाही. रशियन बाई म्हणते ‘या प्रिश्ला’, पुरुष म्हणतो ‘या प्रिशोल’. आपलं ‘मी आले’ आणि ‘मी आलो’. ‘आला, आली, आलं’ला बरोबर ‘प्रिशोल, प्रिश्ला, प्रिश्लो’. तीन लिंगं आणि भूतकाळी क्रियापदावर त्यांची खूण, हे दोन्ही भाषांना भावकीतून मिळालेल्या जुन्या सामग्रीतून घडलं. जॉर्जियनमध्ये बाई काय, बुवा काय, ‘मोवेदी’. कन्नडमध्येही दोघं ‘नानु बंदे’च म्हणतात. आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका? त्या ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. पुण्याच्या कानाला ते खटकतं, त्यावर विनोदही होतात. पण नकाशा पाहिला की त्यामागे कन्नडचा शेजार असावा असं मानायला जागा आहे: ज्या भाषेत ‘मी’ला लिंग नाही तिच्या बांधावर राहणाऱ्या मराठीने तिथलं लिंग सोडून दिलं.

जॉर्जियन आणि मराठी यांच्यात मात्र शेजाराचाही प्रश्न नाही. दोघींमधली साम्यं ना नात्याची, ना संगतीची. क्रियापद शेवटी ठेवण्याकडे कल असलेल्या भाषांत स्थळ दाखवणारे शब्द नामाच्या मागे येण्याची शक्यता जगभरच जास्त असते. घराचा दरवाजा कुठे ठेवला यावर जिना कुठे येणार ते ठरतं, तसंच काहीसं.

ज्या साम्यांचं कारण शेजार हेच आहे, त्यांना नाव दिलं ते एका रशियन माणसानेच. निकोलाय त्रुबेत्स्कोय, जन्म मॉस्को, 1890. तरुणपणी त्याने कॉकेशसच्या भाषांचा अभ्यास केला होता. क्रांतीनंतर देश सोडावा लागला, पुढे व्हिएन्नात प्राध्यापक झाला. 1923 मध्ये त्याने ‘भाषासंघ’ ही कल्पना मांडली आणि 1928 मध्ये हेग इथल्या भाषाशास्त्रज्ञांच्या परिषदेत ती जर्मन नावासह पुढे ठेवली: वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा एका मुलखात राहून एकमेकींसारख्या होतात, त्यांचा संघ. 1956 मध्ये अमेरिकन अभ्यासक मरे एमेनो याने सबंध भारत हाच असा एक भाषिक प्रदेश आहे, असं दाखवून दिलं. नंतरच्या अभ्यासकांना प्रश्न पडला की हे घडताना प्रत्यक्ष दिसेल अशी जागा कुठे आहे. ती सापडली सांगली जिल्ह्यात.

आटपाडीहून नैऋत्येला, मिरजेजवळ कुपवाड. आज कारखाने आणि महापालिका यांच्यामुळे ओळखलं जाणारं हे ठिकाण 1960 च्या दशकात सुमारे तीन हजार वस्तीचं गाव होतं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांनी त्या गावावर लिहिलेला लेख 1971 मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून भाषासंपर्कावरच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात कुपवाडचं नाव असतं. सांगलीतल्या किती जणांना हे ठाऊक आहे, कोण जाणे.

गावात चार भाषा होत्या. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, दलित आणि इतर भूमिहीन घरांत मराठी, आणि दोर वळणाऱ्या काही कुटुंबांत तेलुगू. जमीन मुख्यतः जैनांकडे आणि मुसलमानांकडे. असं असूनही चारचौघांत बोलायची भाषा मराठी. का? सरकारदरबारची भाषा ती, हे एक कारण. गम्पर्झ-विल्सन यांनी दिलेलं दुसरं कारण अधिक मार्मिक आहे: दोन्ही जमीनदार गटांपैकी कुणाच्याच घरची भाषा ती नव्हती, म्हणून तिच्यात बोललं की कुणाचा वरचष्मा होत नसे.

पुरुषमंडळी दिवसभरात दोन-तीन भाषांतून ये-जा करत. शेतात एक, पारावर दुसरी, घरात तिसरी. शतकानुशतकं हे चाललं आणि भाषांचे सांधे एकमेकांना जुळत गेले. अभ्यासकांनी टिपलेलं एक वाक्य प्रसिद्ध आहे. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’. गावच्या उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’. गावच्या कन्नडमध्येही तेच पाच तुकडे त्याच क्रमाने: पाला, जरा, कापून, घेऊन, आलो. ‘जरा’ तर तिन्हींत ‘जरा’च. एका भाषेतून दुसरीत जायला फक्त शब्द बदलायचे, साचा तोच.

साचा नेमका कुणाचा, हे पाहण्यासारखं आहे. नदीला पूर आला की प्रमाण मराठीत ‘तिथं नदी आली’. कुपवाडच्या मराठीत ‘तिथं नदी आलं’. कन्नडमध्ये पुरुष पुल्लिंगी, स्त्री स्त्रीलिंगी आणि बाकी सगळं नपुंसक. नदी बाई नव्हे, तेव्हा ‘आली’ कशाला? मराठीने हा कन्नड हिशेब उचलला. उर्दूत नपुंसकलिंग नाही, म्हणून तिने ‘नदी आया’ म्हणून तोच हिशेब आपल्या भांडवलात बसवला. त्याच उर्दूने मराठीकडून दुसरी गोष्ट घेतली: ऐकणाऱ्याला वगळणारं ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारं ‘आपण’ हा भेद. प्रमाण उर्दूत दोन्हींना ‘हम’. इथे ‘हम’ आणि ‘अपन’ वेगळे झाले. आणि कन्नडने? ‘हे तुमचं घर’ एवढं म्हटलं की कन्नड वाक्य पुरं होतं, ‘आहे’ची गरज नसते. कुपवाडच्या कन्नडने मराठी-उर्दूच्या संगतीने शेवटी ‘आहे’ जोडायला सुरुवात केली.

हाच ‘आहे’ नसण्याचा गुण रशियनमध्येही आहे. ‘एतो मोया श्कोला’, ही माझी शाळा. ‘इदु नन्न शाले’, कन्नडमध्ये तेच, तितक्याच तीन शब्दांत. जॉर्जियनला मराठीसारखा ‘आहे’ लागतो. भावकीप्रमाणे पाहिलं तर हे अगदी उलटं व्हायला हवं होतं.

इथे सहज विचारावंसं वाटतं: कुपवाडमध्ये जे झालं ते तिबिलिसीत का झालं नाही? 1801 मध्ये रशियाच्या झारने पूर्व जॉर्जियाचं राज्य आपल्या साम्राज्यात घेतलं. 1918 ते 1921 ही स्वातंत्र्याची तीन वर्षं सोडली तर 1991 पर्यंत दोन्ही भाषा एका छत्राखाली होत्या. जवळजवळ दोनशे वर्षं. जॉर्जियातला एक पोरगा तर मॉस्कोत जाऊन स्टालिन झाला आणि शेवटपर्यंत जॉर्जियन वळणाची रशियन बोलत राहिला. तरीही रशियनला मागून लागणारे प्रत्यय आले नाहीत, जॉर्जियनला लिंगं आली नाहीत. देवाणघेवाण झाली ती मुख्यतः शब्दांची, आणि तीही बरीचशी एका बाजूने.

कारण भेटण्याची जागा. कुपवाडमध्ये भाषा विहिरीवर, खळ्यावर, बाजारात भेटल्या, आणि दोन्हीकडच्यांना दुसऱ्याची बोली यावी लागे. जॉर्जियात रशियन आली ती पलटणीबरोबर, कचेरीत आणि शाळेत. जॉर्जियन माणूस रशियन शिकला. जॉर्जियन शिकणारे रशियन थोडे. शिवाय आकाराचा फरक पाहा. 2014 च्या जनगणनेत जॉर्जियाची लोकसंख्या सुमारे 37 लाख होती. रशियन बोलणारे कोट्यवधी. 2011 च्या आपल्या जनगणनेत मराठी सुमारे 8.3 कोटी आणि कन्नड 4.4 कोटींच्या आसपास. मोठी-धाकटी आहे, पण गिळून टाकण्याइतकी नाही.

लहान भाषा अशा वेळी कडा धारदार करते. 1978 मध्ये सोव्हिएत जॉर्जियाची नवी घटना लिहिली जात होती आणि मसुद्यातून ‘जॉर्जियन ही राज्यभाषा’ हे कलम गाळलं गेलं. 14 एप्रिलला तिबिलिसीच्या रस्त्यांवर हजारो लोक, बरेचसे विद्यार्थी, उतरले. सोव्हिएत राजवटीत असं उघड आंदोलन करणं म्हणजे विस्तवाशी खेळ. पण पक्षाचे तिथले प्रमुख एदुआर्द शेवार्दनाद्झे यांनी माघार घेतली आणि कलम परत आलं. जॉर्जियात 14 एप्रिल हा दिवस आजही मातृभाषेचा दिवस म्हणून पाळला जातो.

आपल्याकडेही वाद आहेच. 1967 च्या महाजन आयोगाने जत तालुक्यातली काही गावं कर्नाटकाला द्यावीत असं सुचवलं होतं आणि 2022 च्या अखेरीस कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी तो दावा पुन्हा उकरून काढला. मात्र जतच्या गावकऱ्यांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली तेव्हाही त्यांची खरी तक्रार पाण्याची होती, क्रियापदांची नव्हे.

शेजार किती जुना आहे याचा पुरावा दगडात आहे. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठी ओळी कोरल्या आहेत, आणि तिथेच कन्नड आणि तमिळ ओळीही. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द मराठीने दक्षिणेकडून घेतले आणि सांगलीकडे रोज वापरलं जाणारं ‘हुडकणं’ हे कन्नड ‘हुडुकु’च. उलट दिशेने उत्तर कर्नाटकातल्या माणसाला ‘पगार’ मिळतो आणि तो ‘भक्री’ खातो. गम्पर्झ-विल्सन यांचा लेख ज्या संग्रहात आला त्याच संग्रहात फ्रँकलिन साउथवर्थ याने तर मराठीचा जन्मच अशा दोन कुळांच्या सरमिसळीतून झाला असावा अशी शंका मांडली. ती सर्वांना पटलेली नाही. पण व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ किंवा शंकरराव खरातांचं ‘तराळ अंतराळ’ वाचताना तिथली बोली कान देऊन ऐकली की प्रमाण मराठी ही एका मोठ्या वस्तीतली एक गल्ली आहे, हे उमगतं.

कुपवाडची गोष्ट 1971 मध्ये संपली नाही. 1998 मध्ये गाव सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत गेलं. सुमारे चाळीस वर्षांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी तिथे पुन्हा अभ्यास केला आणि ‘एकच साचा, शब्द फक्त वेगळे’ या सुबक चित्रावर प्रश्नचिन्ह लावलं. तशी शंका घ्यायला कारणंही होती. गावच्या उर्दूतल्या बऱ्याच लकबी दख्खनभरच्या दखनीत आढळतात, त्या एकट्या कुपवाडच्या नव्हेत. आणि पारावरची मराठी नि वर्गातली मराठी यांत फरक असतोच. शाळेत गेलेलं पोर ‘नदी आली’ लिहायला शिकतं.

तिबिलिसीत मात्र चित्र उलट्या बाजूने हललं आहे. स्वातंत्र्यानंतर वाढलेली जॉर्जियन पिढी रशियनपेक्षा इंग्रजीकडे वळली. आणि युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, 2022 मध्ये, लष्करभरती टाळण्यासाठी मोठ्या संख्येने रशियन तरुण तिथे येऊन राहिले. दोनशे वर्षांत रशियन माणूस तिबिलिसीत साहेब म्हणून आला होता. आता तो भाडेकरू म्हणून आला, आणि घरमालकिणीने जॉर्जियनमध्ये बोलायचं ठरवलं तर ‘शी’ आणि ‘झे’ कुठे लावायचे ते त्यालाच शिकावं लागणार आहे.